युसेबिओ : पत्र्याच्या वस्तीतून आलेला गोलांचा राजा



फुटबॉल म्हटलं की आजची मुलं पटकन रोनाल्डोचं नाव घेतात. पाठीवर ७ नंबरचा टी-शर्ट घालून फिरणारी मुलं तर अगदी लहान गावातही दिसतात. पण रोनाल्डोच्या पोर्तुगालला जगाच्या नकाशावर पहिल्यांदा ठळकपणे आणलं ते त्याच्या कितीतरी आधीच्या एका खेळाडूने. त्याचं नाव युसेबिओ. त्याला जाऊन आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि त्याचा खेळ बघितलेली पिढीही आता थकली आहे. पण त्याची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. गरिबीतून वर आलेला खेळाडू एवढंच सांगून ती संपत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव : युसेबिओ दा सिल्वा फरेरा
- जन्म : २५ जानेवारी १९४२, लोरेन्सो मार्केस (आजचं मापुटो), मोझांबिक
- मृत्यू : ५ जानेवारी २०१४, लिस्बन, पोर्तुगाल
- खेळ : फुटबॉल, आघाडीचा खेळाडू म्हणजे स्ट्रायकर
- मुख्य क्लब : बेनफिका, लिस्बन
- टोपणनावं : काळा चित्ता, राजा

पत्र्याच्या घरांची वस्ती

मोझांबिक हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा देश. हिंदी महासागराच्या एका काठावर आपण आणि पलीकडच्या काठावर तो. युसेबिओ जन्मला तेव्हा मोझांबिक स्वतंत्र नव्हता, तिथे पोर्तुगालचं राज्य होतं. आपल्या गोव्यावर त्या वेळी ज्यांचं राज्य होतं तेच हे पोर्तुगीज. त्यामुळे ही गोष्ट वाटते तितकी लांबची नाही.

लोरेन्सो मार्केस शहराचे दोन भाग होते. गोऱ्या लोकांचा भाग सिमेंटच्या इमारतींचा आणि रुंद रस्त्यांचा. त्याच्या कडेला माफलाला नावाची वस्ती, लाकूड आणि पत्र्याच्या घरांची. युसेबिओ तिथला. वडील अंगोलातून आलेले गोरे पोर्तुगीज, रेल्वेत कामाला होते. आई एलिसा मोझांबिकची, कृष्णवर्णीय. युसेबिओ हे त्यांचं चौथं अपत्य. तो आठ वर्षांचा असताना वडील धनुर्वाताने गेले. पुढे आईनेच एकटीने मुलांना वाढवलं.

घरात खेळण्यासाठी पैसे असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलं जुन्या मोज्यांत चिंध्या नि कागद कोंबायची, घट्ट बांधायची, की झाला चेंडू तयार. पायात काही नाही. मैदान म्हणजे धुळीची मोकळी जागा. युसेबिओ शाळा बुडवून खेळायला जायचा आणि आईच्या शिव्या खायचा. आपल्या वर्गातली एक-दोन नावं इथे तुमच्या डोळ्यासमोर आली असतील.

वस्तीतल्या मुलांनी आपला एक संघ केला होता. नाव ठेवलं होतं ‘ब्राझिलियन’. ब्राझीलचा संघ तेव्हा मुलांचं दैवत होता. त्यामुळे प्रत्येकाने एकेका ब्राझिलियन खेळाडूचं नाव घेतलं होतं. आपल्याकडे गल्लीतली मुलं ‘मी सचिन’, ‘मी धोनी’ म्हणतात ना, अगदी तसंच.

पहिला नकार

शहरात देस्पोर्तिवो नावाचा क्लब होता. लिस्बनच्या बेनफिका या मोठ्या क्लबशी त्याचं नातं होतं. युसेबिओला लहानपणापासून बेनफिकाचं वेड, त्यामुळे तो आधी तिथे गेला. त्यांनी त्याला घेतलं नाही. मग तो शहरातल्या दुसऱ्या क्लबकडे गेला. त्याचं नाव स्पोर्टिंग, आणि तो लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबची शाखा होता. लिस्बनमध्ये बेनफिका आणि स्पोर्टिंग हे कट्टर प्रतिस्पर्धी. म्हणजे ज्या क्लबवर जीव होता त्याच्या विरुद्ध बाजूच्या क्लबात या मुलाला जावं लागलं. पण खेळायला मिळत होतं, पायात बूट मिळाले होते. तो खेळत राहिला आणि गोल करत राहिला.

शिक्षक म्हणून इथे थोडं थांबावंसं वाटतं. नकार देणाऱ्यांना त्या मुलात काहीच दिसलं नाही, आणि तीनेक वर्षांत त्याच मुलासाठी दोन मोठे क्लब भांडायला लागले. निवड चाचणीत एखादं मूल मागे पडलं की आपण किती लवकर शिक्का मारतो! चाचणी घेणाऱ्याला त्या दिवशी जे दिसतं तेवढंच चाचणीत कळतं.

न्हाव्याच्या दुकानातली गोष्ट

१९६० साली बाउअर नावाचे एक माजी ब्राझिलियन खेळाडू आपला संघ घेऊन आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले होते. तिथे त्यांनी युसेबिओला खेळताना पाहिलं आणि ते चकितच झाले. परतीच्या वाटेवर ते लिस्बनला थांबले. तिथे एका न्हाव्याच्या दुकानात त्यांची गाठ बेनफिकाचे प्रशिक्षक बेला गुटमन यांच्याशी पडली, आणि केस कापता कापता या पोराचा विषय निघाला, असं सांगतात. गुटमन मूळचे हंगेरीचे, मोठे हुशार प्रशिक्षक. त्यांनी वेळ घालवला नाही. बेनफिकाने थेट आईशी आणि घरच्यांशी बोलून करार केला.

डिसेंबर १९६० मध्ये १८ वर्षांचा युसेबिओ विमानाने लिस्बनला उतरला. पण तो आमचाच खेळाडू आहे, असं स्पोर्टिंगचं म्हणणं होतं. तो हातचा जाऊ नये म्हणून बेनफिकाने सगळं गुपचूप केलं. निरोपांमध्ये त्याच्यासाठी रूथ मालोसो असं एका मुलीचं खोटं नाव वापरलं. आल्यावरही त्याला काही दिवस दक्षिण किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात लपवून ठेवलं. वाद मिटून त्याला खेळण्याची परवानगी मिळेपर्यंत मे १९६१ उजाडला.

मुलांना हा भाग सिनेमासारखा वाटतो. पण जरा त्या पोराच्या जागी जाऊन बघा. आई हजारो मैलांवर, भोवती थंडी, ओळखीचं कोणी नाही, आणि दोन क्लब त्याला एखाद्या वस्तूसारखं आपल्याकडे ओढताहेत. तो काळ त्याला निभावता आला याला एक कारण मारियो कोलुना हा खेळाडू. कोलुनाही मोझांबिकचाच, वयाने साडेसहा वर्षांनी मोठा, बेनफिकाच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ. पोराकडे लक्ष ठेवा, असं युसेबिओच्या आईने त्याला कळवलं होतं. कोलुनाने ते काम मोठ्या भावासारखं केलं. कपडे घेण्यापासून पैसे जपण्यापर्यंत सगळं त्याने पाहिलं. मोठ्या शाळेत किंवा वसतिगृहात नव्याने जाणाऱ्या आपल्या मुलांना असा एक कोलुना भेटणं किती गरजेचं असतं, हे पालकांना सांगायला नको.

पॅरिस आणि ॲम्स्टरडॅम

२३ मे १९६१ रोजी तो बेनफिकाकडून पहिला सामना खेळला. सामना मैत्रीपूर्ण होता, पण त्याने तीन गोल ठोकले.

पुढच्याच महिन्यात पॅरिसला एक स्पर्धा होती. समोर ब्राझीलचा सांतोस क्लब आणि त्यात साक्षात पेले. बेनफिका इतकी मागे पडली होती की सामना गेल्यातच जमा होता. दुसऱ्या डावात गुटमनने या नव्या पोराला मैदानात सोडलं. त्याने थोड्याच वेळात तीन गोल केले. सामना सांतोसनेच ६-३ असा जिंकला, तरी दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये पेलेच्या बरोबरीने चर्चा होती ती या अनोळखी मुलाची. ज्या ब्राझिलियन खेळाडूंची नावं घेऊन तो माफलालाच्या धुळीत खेळला होता, तेच आता त्याच्यासमोर उभे होते.

२ मे १९६२. ॲम्स्टरडॅम. युरोपियन कपचा अंतिम सामना. आज आपण ज्याला चॅम्पियन्स लीग म्हणतो तीच ही स्पर्धा. समोर रिआल माद्रिद, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या पाचही वर्षांचा विजेता. त्यांच्या पुष्काशने पहिल्या अर्ध्या भागातच तीन गोल केले. मध्यंतराला बेनफिका ३-२ ने मागे होती. दुसऱ्या अर्ध्या भागात कोलुनाने बरोबरी साधली. मग युसेबिओने एक गोल पेनल्टीवर आणि एक फ्री किकवर केला. बेनफिका ५-३ ने जिंकली. युसेबिओ तेव्हा २० वर्षांचा होता. रिआलचा महान खेळाडू दि स्तेफानो हा त्याचा आदर्श. सामन्यानंतर त्याने दि स्तेफानोचा शर्ट मागून घेतला आणि तो कायम करंडकाइतकाच मोलाचा मानला.

यानंतर बेनफिका आणखी तीन वेळा या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली, १९६३, १९६५ आणि १९६८ मध्ये. तिन्ही वेळा हरली. म्हणजे इतक्या मोठ्या खेळाडूच्या वाट्यालाही चार अंतिम सामन्यांत विजय एकच आला. हा हिशेब मुलांना जरूर सांगावा. चरित्रं सांगताना आपण फक्त जिंकलेल्या गोष्टींची यादी करतो आणि मग मुलांना वाटतं की मोठी माणसं कधी हरतच नाहीत.

वैयक्तिक मान मात्र भरपूर मिळाले. १९६५ साली युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर पुरस्कार त्याला मिळाला.

१९६६ : तीन गोलांनी मागे

१९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. पोर्तुगालचा हा पहिलाच विश्वचषक. संघाचा कर्णधार कोलुना. त्याच्यासह युसेबिओ, हिलारिओ आणि व्हिसेंते असे चार खेळाडू मोझांबिकमध्ये जन्मलेले. पोर्तुगालने हंगेरीला आणि बल्गेरियाला हरवलं. मग दोन वेळचा विजेता ब्राझील समोर आला. युसेबिओने दोन गोल केले, पोर्तुगाल ३-१ ने जिंकला आणि ब्राझील स्पर्धेबाहेर गेला. या सामन्यात पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला फार वाईट रीतीने पाडलं, त्याला लंगडतच सामना संपवावा लागला. हेही सांगायला हवं. आपल्या नायकाच्या संघाचं सगळंच चांगलं असतं असं नाही.

२३ जुलै १९६६ ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर उपांत्यपूर्व सामना होता. समोर उत्तर कोरिया. या संघाला कोणी फारसं ओळखत नव्हतं, पण त्यांनी इटलीला हरवून खळबळ उडवली होती. सामना सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटात कोरियाचा गोल. २२ व्या मिनिटाला दुसरा. २५ व्या मिनिटाला तिसरा. पोर्तुगाल ०-३.

२७ व्या मिनिटाला युसेबिओने पहिला गोल केला. आता जगभरचे खेळाडू गोल केल्यावर काय करतात ते आपल्याला माहीत आहे. कोणी मैदानावर घसरतं, कोणी उड्या मारतं. युसेबिओने जाळ्यातला चेंडू उचलला आणि तो हातात घेऊन मैदानाच्या मध्याकडे धावत सुटला, खेळ लगेच सुरू व्हावा म्हणून. मध्यंतराआधी पेनल्टीवर दुसरा गोल. ५६ व्या मिनिटाला तिसरा, म्हणजे बरोबरी. मग डावीकडून त्याने एक लांब मुसंडी मारली, एकेकाला मागे टाकत तो गोलजवळ पोचला आणि तिथे त्याला पाडलं गेलं. पाय दुखत असतानाही पेनल्टी त्यानेच घेतली. ५९ व्या मिनिटाला चौथा गोल. पुढे जोसे ऑगुस्तोने पाचवा केला आणि पोर्तुगाल ५-३ ने जिंकला.

पाच गोलांपैकी चार एकट्याचे आणि तेही ३२ मिनिटांत. हिंमत हरू नये, हा बोध तर सगळेच सांगतात. मला त्यात चेंडू उचलून धावण्याची कृती जास्त महत्त्वाची वाटते. एक गोल झाला म्हणून तो खूश होऊन थांबला नाही, तीन खाल्ले म्हणून डोकं धरूनही बसला नाही. पुढचं काम काय, तर चेंडू मध्यावर ठेवणं. तेवढं त्याने केलं. गणिताच्या पेपरात पहिली तीन उदाहरणं चुकली की रडकुंडीला येणाऱ्या मुलाला हीच गोष्ट सांगता येते. चौथं उदाहरण उचल आणि चल.

अश्रूंचा सामना

उपांत्य फेरीत पोर्तुगालसमोर यजमान इंग्लंड होता. हा सामना लिव्हरपूललाच होईल अशी पोर्तुगालची अपेक्षा होती. पण तो लंडनच्या वेम्बली मैदानावर ठेवला गेला आणि पोर्तुगालच्या संघाला सामान बांधून प्रवास करावा लागला. पोर्तुगालमधल्या जुन्या माणसांच्या मनात हा सल अजून आहे.

२६ जुलैला बॉबी चार्लटनने इंग्लंडकडून दोन गोल केले. ८२ व्या मिनिटाला युसेबिओने पेनल्टीवर एक परत केला, पण वेळ पुरला नाही. इंग्लंड २-१ ने जिंकला. युसेबिओ शर्टाने डोळे पुसत मैदानाबाहेर गेला. पोर्तुगालमध्ये या सामन्याला अश्रूंचा सामना असंच म्हणतात.

दोन दिवसांनी तिसऱ्या क्रमांकासाठी रशियाच्या (तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या) विरुद्ध सामना होता. गोलमध्ये जगातला सर्वोत्तम गोलरक्षक याशिन. युसेबिओने पेनल्टीवर गोल केला आणि लगेच आनंद करण्याऐवजी तो याशिनकडे गेला, त्याचं सांत्वन केलं. पोर्तुगाल २-१ ने जिंकून तिसरा आला. ९ गोलांसह युसेबिओ स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला.

मुलगे रडत नाहीत, असं आपण घरात नि शाळेत सहज बोलून जातो. जगातल्या सर्वांत ताकदवान स्ट्रायकरपैकी एक लाखभर लोकांसमोर रडला आणि दोनच दिवसांनी पुन्हा मैदानात उतरून खेळला. रडणं आणि हार मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राष्ट्राची मालमत्ता

आता गोष्टीचा तो भाग, जो बहुतेक वेळा गाळला जातो.

युसेबिओचं नाव झाल्यावर इटलीतले श्रीमंत क्लब त्याच्या मागे लागले. तिथे गेला असता तर बेनफिकात मिळत होते त्याच्या कितीतरी पट पैसे मिळाले असते. पण पोर्तुगालमध्ये तेव्हा हुकूमशाही होती. सालाझार या हुकूमशहाने युसेबिओला देशाबाहेर जाऊ दिलं नाही, त्याला राष्ट्राची ठेव ठरवलं. युसेबिओने स्वतः हे पुढे अनेकदा सांगितलं. त्यातच १९६६ च्या विश्वचषकानंतर इटलीने परदेशी खेळाडूंना बंदी घातली आणि तो दरवाजा कायमचा मिटला.

हे का झालं ते समजून घ्यायला हवं. जगभर वसाहती स्वतंत्र होत होत्या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, म्हणजे युसेबिओ लिस्बनला पोचल्यावर बरोबर वर्षभराने. त्याच वर्षी अंगोलात लढा पेटला. सप्टेंबर १९६४ मध्ये खुद्द मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. सालाझारचं सरकार जगाला सांगत होतं की या वसाहती नाहीतच, हा सगळा एकच देश आहे आणि इथे काळे-गोरे सगळे समान आहेत. हे दाखवायला त्यांना पोर्तुगालच्या लाल शर्टातला, जगाने डोक्यावर घेतलेला एक आफ्रिकी खेळाडू हवाच होता. प्रत्यक्षात त्या वेळी माफलालात पत्र्याचीच घरं होती.

युसेबिओने स्वतः राजकारणावर फारसं बोलणं टाळलं. यावरून त्याच्यावर टीकाही झाली आणि अजून होते. पण हुकूमशाहीत बोलण्याची किंमत काय असते, तेही विसरून चालणार नाही. १९७४ साली पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली आणि २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला. पुढे दोन्ही देशांनी त्याला आपला मानलं. त्यानेही जन्मभूमीशी नातं तोडलं नाही आणि पोर्तुगालशीही नाही.

लहानपणी ज्याला क्लबने दारातून परत पाठवलं, तो मोठा झाल्यावर सगळ्यांना हवा झाला. आधी दोन क्लब ओढाताण करत होते, मग सरकारने त्याच्यावर हक्क सांगितला. कुठे खेळायचं हे मात्र त्याच्या हातात कधीच पूर्णपणे नव्हतं. हुशार, गुणी मुलांचं घरात नि शाळेत थोडं असंच होतं. शाळेला त्यांच्या नावाचा बोर्ड लावायचा असतो, घराला नातेवाइकांत मिरवायचं असतं, क्लासला जाहिरात करायची असते. मूल काय म्हणतंय ते विचारायचं राहूनच जातं.

गोलरक्षकासाठी टाळ्या

मग त्याच्या हातात काय होतं? मैदानावर कसं वागायचं, ते.

२९ मे १९६८. पुन्हा वेम्बली, पुन्हा युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर मँचेस्टर युनायटेड. सामना १-१ असा बरोबरीत होता आणि अगदी शेवटची मिनिटं उरली होती. युसेबिओला मोकळा चेंडू मिळाला, समोर एकटा गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनी. गोल झाला असता तर कप बेनफिकाचा. युसेबिओने पूर्ण ताकदीने फटका मारला. स्टेपनीने तो चेंडू अंगावर घेऊन घट्ट धरला.

युसेबिओ क्षणभर थांबला आणि त्याने स्टेपनीसाठी टाळ्या वाजवल्या. जादा वेळेत युनायटेडने तीन गोल केले आणि बेनफिका ४-१ ने हरली.

त्या टाळ्यांची आठवण इंग्लंडमध्ये अजून काढली जाते. हातातला कप निसटत असताना समोरच्याने आपल्यापेक्षा चांगलं काम केलं हे मान्य करायला मोठं मन लागतं. ते करायला त्याला कुठल्या सरकारने सांगितलं नव्हतं आणि कुठल्या क्लबने पैसे दिले नव्हते.

गुडघ्यांनी दिलेली किंमत

बेनफिकाकडून त्याने १५ हंगामांत ११ वेळा लीगचं आणि ५ वेळा पोर्तुगाल कपचं विजेतेपद मिळवलं. ४४० अधिकृत सामन्यांत ४७३ गोल, म्हणजे सामन्यामागे एकाहून जास्त. सात वेळा तो देशाच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. युरोपात एका हंगामात सर्वाधिक लीग गोल करणाऱ्याला सोनेरी बूट देण्याची पद्धत १९६८ ला सुरू झाली. तो पहिला बूट ४२ गोलांसाठी युसेबिओला मिळाला आणि १९७३ ला ४० गोलांसाठी पुन्हा. पोर्तुगालसाठी ६४ सामन्यांत ४१ गोल. हा विक्रम २००५ पर्यंत कोणी मोडला नाही.

पण आकड्यांमागे दुखणं होतं. तो वेगाने घुसायचा आणि बचावपटूंना त्याला थांबवण्याचा एकच मार्ग माहीत होता, पायावर घाव. त्याच्या डाव्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. महत्त्वाच्या सामन्यांसाठी तो दुखऱ्या पायानेही उतरायचा. १९७५ ला त्याने बेनफिका सोडली तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, पण गुडघे म्हाताऱ्याचे झाले होते. पुढे त्याने अमेरिका, मेक्सिको, कॅनडा असं फिरून खेळून पैसे कमावले. १९७६ ला टोरोंटोच्या संघाला उत्तर अमेरिकेचं विजेतेपद मिळवून देताना अंतिम सामन्यात गोलही केला. मधल्या काळात पोर्तुगालच्या छोट्या क्लबांकडूनही तो खेळला. त्यातल्या बेइरा-मारकडून बेनफिकाविरुद्ध खेळायची वेळ आली, तेव्हा त्याने आपल्या जुन्या क्लबवर गोल मारायचं टाळलं, असं सांगतात.

मुलांना लहान वयात दोन-दोन स्पर्धांत उतरवणाऱ्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. दुखतंय म्हणणारं मूल कारणं सांगत असेलच असं नाही.

अखेर

निवृत्तीनंतर तो लिस्बनमध्येच राहिला. बेनफिकाचा आणि पोर्तुगाल संघाचा दूत म्हणून जगभर फिरला. १९९२ ला बेनफिकाच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला गेला, त्याच्या हयातीतच.

५ जानेवारी २०१४ रोजी हृदयविकाराने त्याचं निधन झालं. वय ७१. देशात तीन दिवसांचा दुखवटा पाळला गेला. पुतळ्याभोवती फुलांचा आणि मफलरींचा ढीग लागला. त्याची शवपेटी बेनफिकाच्या मैदानावरून फिरवण्यात आली. पुढच्या सामन्यात बेनफिकाच्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर स्वतःच्या नावाऐवजी युसेबिओ हे एकच नाव होतं. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, त्याचा मोठा भाऊ म्हणावा असा कोलुनाही गेला.

३ जुलै २०१५ ला युसेबिओचे अवशेष लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकात हलवले. तिथे देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि साहित्यिक विसावले आहेत. तिथे जागा मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू.

वर्गात आणि घरी

१. परिपाठात ५ किंवा २५ जानेवारीला दिनविशेष म्हणून ही गोष्ट घेता येईल. पाच मिनिटांसाठी एकच प्रसंग निवडा, कोरियाचा सामना किंवा स्टेपनीसाठीच्या टाळ्या. सगळं चरित्र एकदम सांगू नका.

२. पाचवीच्या पुढच्या वर्गांना नकाशा दाखवा. मोझांबिक, अंगोला, गोवा आणि पोर्तुगाल शोधायला सांगा. एवढासा देश इतक्या लांबच्या मुलखांवर राज्य का नि कसं करत होता, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतील.

३. चर्चेसाठी प्रश्न : तुझ्या संघाचा गोल विरुद्ध संघाच्या मुलाने अडवला, तर तू काय करशील? युसेबिओला इटलीला जाऊ द्यायला हवं होतं का? दोन्ही बाजूंनी बोलू द्या. उत्तर फळ्यावर लिहून देऊ नका.

४. मैदानावर चिंध्यांचा चेंडू करून एकदा खेळून बघा. कार्यानुभवाचा तासही होतो आणि बूट नसलेलं मूलही त्या दिवशी बरोबरीने खेळतं.

५. पालकांसाठी एकच विनंती. मूल सामना खेळून घरी आलं की जिंकलास का, हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. आधी विचारा, समोरच्या संघात आज कोण छान खेळलं? या प्रश्नाचं उत्तर ज्या मुलाला मनापासून देता येतं, त्याला युसेबिओची गोष्ट समजली असं खुशाल समजा.